रुग्णाबद्दल बोलायचं नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे आदरणीय मोठे डॉक्टर, व्यासपीठावर विराजमान मेट्रनबाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या समुपदेशक बाई, घरोघरी आजारी माणूस सांभाळणारे माझे सोबती, आज त्यांच्याबरोबर आलेली नातेवाईक मंडळी, आणि पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसलेले आमचे हे. सर्वांना माझा सविनय नमस्कार.

पाच मिनिटांत आटपा, असं मला बजावलंय. आटपते. घरी दिवसभर मी आटपतच असते. शिवणकाम करणारी बाई मी, भाषण करणाऱ्यांचे कोट शिवलेत, भाषण कधी केलेलं नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

बाईंबद्दल चार चांगले शब्द बोलायला उभी राहिले, पण खरं सांगू? सुरुवातीला मला या बाईंचा भयंकर राग यायचा. फिजिओथेरपीशेजारी मोडक्या कुबड्या ठेवायची ती अरुंद खोली आहे ना, तिथे दर बुधवारी आम्हाला बसवायचं आणि नियम एकच: रुग्णाबद्दल बोलायचं नाही, स्वतःबद्दल बोलायचं. आता मला सांगा, आमच्याकडे दुसरं उरलं काय होतं? यांची उजवी बाजू आणि वाचा अर्धांगवायूने गेली, तेव्हापासून माझं सगळं बोलणं यांच्याबद्दलच. मी तोंड उघडावं, "काल यांचा पाय जरा..." की बाईंचा हात वर. "थांबा." म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे थांबाबाई म्हणतो. बाई, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? असो, आता जातच आहात.

आमच्या गटात आजारी बायकोला सांभाळणारे ड्रायव्हरकाका आहेत, त्यांना बाईंनी विचारलं, तुम्हाला खायला काय आवडतं? काका म्हणाले, "हिला मऊ लागतं." आम्ही सगळे हसलो. पण मी कोणत्या तोंडाने हसले? छातीत धडधडतं म्हणून इथल्याच डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी वय विचारलं, मी म्हटलं, बहात्तर. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मी यांचं वय सांगितलं होतं! पुढे औषधंही यांचीच सांगितली, एकदाही न अडखळता. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे, पण तुम्ही झोपत नाही. असंच रेटलंत तर घरात दुसरी खाट मांडावी लागेल. मग तुमच्याकडे कोण बघणार?"

उपदेश करणारे मात्र ढीगभर आहेत हो! दारात चपला घालता घालता सांगतात, स्वतःकडे लक्ष द्या, फिरायला जा, छंद जोपासा, मन प्रसन्न ठेवा. छंद? मी तोंड धुवायला आत गेले की बाहेर घंटी वाजते. ती घंटीही मीच यांच्या हाताशी ठेवली, माझीच अक्कल! बरं, या मंडळींना म्हणावं, मी फिरून येते, तासभर यांच्याजवळ बसा, की लगेच कुणाला तरी आणायला त्यांना स्टेशनवर जायचं असतं.

एका बुधवारी माझा बांध फुटला. मी म्हटलं, "मला या माणसाचा वैताग आलाय. माया आहे, तरी वैताग आलाय." बाई थांबा म्हणाल्या नाहीत. असं बोलू नये, असंही कुणी म्हणालं नाही. ड्रायव्हरकाका म्हणाले, "मला पण," आणि डोळे पुसायला लागले. मला रडू आलं नाही. मला भूक लागली. कित्येक दिवसांनी सणसणून भूक लागली. बाईंवरचा राग त्या दिवशी गेला.

जाण्याआधी बाईंनी मला एक काम दिलं. म्हणाल्या, "तुम्हाला रजा हवी आहे. ज्याच्याकडे मागायची त्याच्याकडे मागा. कण्हत-कुथत नको, पूर्ण वाक्यात." मी मागितली, यांच्या धाकट्या भावाकडे. फोनवर मागितली, तर "बघू, वहिनी." ते घरी आले तेव्हा मागितली, तर "बघू की." वर म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून मला दादाची काळजीच नाही." ते अगदी खरं आहे.

भावजी आज इथे आहेत. यांची खुर्ची ढकलत तेच आले, मी गळ घातली म्हणून. अहो भावजी, उठू नका, पाणी नंतर प्या. ड्रायव्हरकाका, ते दार जरा लोटून घ्या.

तर भावजी, सोमवारपासून आठ दिवस मी माझ्या मैत्रिणीकडे जाणार आहे. तिथे मी झोपणार आहे, आणि जाग आली तर कूस बदलून पुन्हा झोपणार आहे. तेवढे दिवस दादाजवळ तुम्ही राहायचं. उचलायचं कसं, भरवायचं कसं, ते इथले लोक तुम्हाला शिकवतील, मी बोलून ठेवलंय. यांनाही विचारलं. यांनी डाव्या हाताने 'जा, जा' अशी खूण केली, जरा जास्तच उत्साहाने. मी त्या हाताकडे बघतच राहिले. यांनाही माझा वैताग आलाय! सकाळ-संध्याकाळ एकच तोंड बघायचं, म्हणजे काय चेष्टा आहे? आधी मला राग आला, मग आम्ही दोघंही हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो.

तेव्हा भावजी, 'बघू' चालणार नाही. हो की नाही? अध्यक्षसुद्धा खोळंबलेत. अहो, नुसती मान नको, तोंडाने बोला.

ऐकलंत सगळ्यांनी? हो म्हणाले.

बाई, तुमचं काम झालं. तुम्ही जाताय याचं मला फार वाईट वाटतंय, हेही पूर्ण वाक्यात सांगते. पाचाची दहा मिनिटं झाली, तरी अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, त्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि ते जमणार नसेल, तर भांडायला जरूर घरी या. फक्त सोमवारनंतर या. दार भावजी उघडतील.