पहिलं ‘नको’ धरायचं नसतं!

...आणि वर मलाच विचारते, ‘मग तुम्ही खोटं का बोललात?’ खोटं! मी! अहो, तुम्हाला सांगतो, साताऱ्याला आमच्या घरी खोटं बोललं तर आई जेवायला वाढत नाही, आणि ही रेगेन्सबर्गची म्हातारी, फ्राऊ वाइगल, हाताची घडी घालून दारात उभी राहून मला खोटारडा ठरवते! कशावरून? तर मी ‘नको’ म्हणालो आणि मला हवं होतं! अहो, मग? हवं असतं म्हणूनच माणूस नको म्हणतो ना? नको असलेल्या गोष्टीला कोण एवढ्या प्रेमाने नको म्हणेल? पहिलं ‘नको’ धरायचं नसतं, एवढी साधी गोष्ट!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हालाही वाटेल माझंच चुकलं.

मी इथे जर्मनीत मास्टर्स करायला आलोय. शहराबद्दल तक्रार नाही हं! डोनाऊ नदी, तिच्यावर जुना दगडी पूल, पुलाच्या टोकाला सॉसेज भाजल्याचा धूर, मागे चर्चचे दोन उंच सुळके... फोटो काढून आईला पाठवले. आई म्हणाली, ‘छान आहे रे सगळं, पण तू राहतोस कुठे ते दाखव.’ तिथेच तर बोंब! मी राहत होतो तनयच्या स्वयंपाकघरात, हवा भरायच्या गादीवर, डोकं फ्रिजला आणि पाय वॉशिंग मशीनला. तनय म्हणजे माझ्या वर्गातला, पुण्याचा. त्याची जागाही तात्पुरतीच, महिनाअखेर दोघांनीही चंबूगबाळं आवरायचं होतं. आणि इथे खोली मिळणं म्हणजे... आपल्याकडे मुलगी बघतात ना, तसं इथे ‘बेझिश्टिगुंग’ असतं. आपण इस्त्रीचा शर्ट घालून खोली बघायला जायचं आणि घरमालकाने आपल्याला बघायचं! एकाने विचारलं, फोडणी करता का? एकीने विचारलं, रविवारी आवाज करता का? म्हटलं, बाई, या देशात आल्यापासून मी रविवारी जोरात शिंकतसुद्धा नाही! तरी नकार. मी घाबरलोच होतो हो, खरं सांगतो. सामान घेऊन स्टेशनवर बसायची वेळ येणार, असंच वाटत होतं.

आणि मग या फ्राऊ वाइगल. एकट्याच. ‘रविवारी कॉफी आणि केकला या, खोली दाखवते.’ आता रविवारी अख्खा देश शटर ओढून बसतो, घरात माझ्या एक कांदा होता. म्हटलं, बरं झालं, बोलावलंय ना, मग सकाळपासून पोट रिकामं ठेवतो. कॉफी म्हणाल्या तरी चार पदार्थ असणारच की! नव्हते. केक होता. प्लमचा, घरी केलेला, वर दालचिनी... एक तुकडा मी दोन घासांत संपवला. त्या म्हणाल्या, ‘अजून एक?’ मी हसून, बशीवर आडवा हात धरून म्हटलं, ‘नाईन, नाईन, डांके!’ म्हणजे आपलं ‘नको, नको, थँक्यू!’ आता यापुढे काय व्हायला पाहिजे? ‘अहो, एवढंसंच?’ व्हायला पाहिजे! आमच्या कुंदामावशीकडे जाऊन बघा तुम्ही. ताटावर हात धरलात तर हातावर जिलबी वाढते ती! उठून पळालात तर जिन्यापर्यंत येते! आणि या बाईने काय करावं? ‘गुट’, म्हणजे ‘बरं’, म्हणाली, केकवर झाकण ठेवलं आणि केक कपाटात! माझ्या डोळ्यांदेखत! अहो, पहिलं ‘नको’ धरायचं नसतं!

तुम्ही म्हणाल, तेव्हाच शहाणा व्हायचास. अहो, उपाशी माणसाला कुठली अक्कल?

मग खोली दाखवली. त्यांच्या मुलाची, तो हॅम्बुर्गला असतो. खिडकी उघडली... नदी! पूल! दोन्ही सुळके! टेबल, पलंग, खरा पलंग हो, हवा न भरलेला! वर म्हणतात, ‘फोडणी करा, मला वास आवडतो.’ मला रडूच येणार होतं. आणि मग त्या म्हणाल्या, ‘आल्झो, तुम्ही मला आवडलात. खोली तुम्हाला देते. घेणार?’

आणि त्या क्षणी माझ्या अंगात माझे वडील संचारले! ‘अहो, नको, नको! तुमच्या मुलाची खोली, तो सुट्टीत आला तर कुठे झोपणार, तुम्हाला उगाच अडचण...’ एरवी जर्मनमध्ये साधं तिकीट मागता येत नाही मला, पण हे सगळं कसं घडाघडा आलं! आणि मग मी थांबलो. मान खाली, हसरा चेहरा, एका आग्रहाची वाट बघत. एका! कुंदामावशी नऊ करते!

‘आख सो, असं होय,’ त्या म्हणाल्या, ‘वाईट वाटलं.’ आणि माझं जॅकेट माझ्या हातात! जॅकेट!

पुलावर उभा राहिलो मी. वाटलं, आता खिडकीतून हाक मारतील. खिडकी हलली. लावून घेतली!

घरी येऊन तनयला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. ‘अरेरे... खरंच नको म्हणालास? ठामपणे? बरं... घर कुठे म्हणालास?’ आणि मी गाढव, मला वाटलं हा माझी रदबदली करायला जातोय! पत्ता दिला, कोपऱ्यावरची बेकरी ही खूणही सांगितली!

दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन गेलो. म्हटलं, ‘फ्राऊ वाइगल, मला खोली हवी आहे.’

‘पण तुम्ही नको म्हणालात.’

‘ते पहिलं नको होतं!’

‘दुसरं कधी होणार होतं?’

‘तुम्ही पुन्हा विचारल्यावर!’

‘उत्तर मिळाल्यावर मी पुन्हा का विचारू? मी बहिरी आहे का? आणि हवी होती, तर तुम्ही खोटं का बोललात?’

आणि तेवढ्यात त्यांच्या मागून, त्यांच्या मुलाच्या सपाता घालून, तोंडात केक... तनय! ‘सॉरी रे सिद्ध्या. तिने विचारलं, मी हो म्हटलं.’ वर फ्राऊ वाइगल मान डोलावून ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणे! अरे, ‘हो’ म्हटलं? पहिल्याच झटक्यात? आईवडिलांनी काही वळण लावलंय की नाही?

आता मी राहतो दोन बस बदलून एका खेड्यात. खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात, पिवळा, निळा, तपकिरी आणि काळा. फोनवर आई म्हणते, ‘दुसऱ्यांदा विचारलंच नाही तिने? कसली माणसं!’ बघा! आईला कळतं!

पण मी ठरवलं, बास झालं. आता कोणी काही विचारलं की पहिल्या फटक्यात ‘हो’! प्रोफेसर म्हणाले, शनिवारी लॅबमध्ये येणार? हो! एकाने विचारलं, नदीत पोहायला येतोस? हो! नोव्हेंबर होता हो... आठवडाभर तापाने फणफणलो, पण नको म्हटलं नाही.

आणि परवा तनयने बोलावलं, ‘ये रे, खिडकीतून नदी तरी बघ.’ मोठं मन हं! गेलो. नदी बघितली. पूल बघितला. आतून वरणाला हिंगाची फोडणी बसली, तुपाचा वास आला, आणि तनय शेगडीपाशी उभा राहून म्हणाला, ‘सिद्ध्या, जेवणार ना रे?’

‘हो!’ म्हटलं. त्याच्या तोंडातून प्रश्न पुरता बाहेर पडायच्या आत! खुर्ची ओढली, बसलोसुद्धा!

तनय पळी हातात धरून तसाच उभा. एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

‘अरे... मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं. भात एकापुरताच टाकलाय.’