नऊ वर्षं पाळलेलं शेवाळ

...नाही हो, मला काही वाटलं नाही, तेच तर सांगतेय! नऊ वर्षं समुद्रातलं एक शेवाळ पाळलं मी प्रयोगशाळेत. पाय घसरतो ते नव्हे, नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही असलं एकपेशीय! त्याला दिव्यांच्या कपाटात उजेड द्या, खारं पाणी बदला, रविवारीसुद्धा जाऊन बाटल्या हलवा, नाहीतर बसलं तळाशी! धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेले नाही. आई फोनवर, "त्याला काय कडेवर घ्यावं लागतं का गं?"

आणि कशासाठी? तर एका एन्झाइमसाठी! युरिया फोडून त्यातला नायट्रोजन मोकळा करतं ते. ते बनवणारं जनुक मला या शेवाळात सापडलं, आणि दिसायला हुबेहूब जिवाणूंचं! म्हटलं, झालं, कोट्यवधी वर्षांपूर्वी शेवाळानं ते जिवाणूंकडून उचललं, उत्क्रांतीचा केवढा पुरावा! सरांनी पाठ थोपटली. प्रबंध तपासायला गेला. परीक्षकांचं एका ओळीचं पत्र, "बाटलीतले जिवाणू मारून पुन्हा पाहावे."

मारले. पाहिलं. जनुक गायब! अहो, ते शेवाळाचं नव्हतंच... त्याच्या अंगावर राहणाऱ्या जिवाणूंचं! ते युरिया फोडायचे, हे आयतं खायचं. आता जिवाणू नाहीत, खायला समोर नुसता युरिया... आठवड्यात पिवळं पडलं. मी बघत उभी. तुम्हाला सांगते, काही म्हणजे काही वाटलं नाही.

नवरा म्हणाला, "म्हणजे नऊ वर्षं तू भाडेकरूलाच घरमालक समजत होतीस?" हसला, मग माझं तोंड बघून उठला, चहा केला. मी प्यायले का? आठवत नाही.

सर मात्र खूश! "अगं, रडतेस काय?" रडत कुठे होते? काही वाटतच नव्हतं हो! "जनुक नाही, हाच शोध! पूर्वी होतं आणि हरवलं, की कधी नव्हतंच? शीर्षकात 'आहे'च्या जागी 'नाही' घाल... आणि हो, याच्या जवळच्या पंधरा जाती पाळून बघ. चार-पाच वर्षं, फार तर!"

चार-पाच वर्षं!! तुम्ही असता तर खुर्ची फेकली असती ना? मीही तावातावानं उठले, तोंड उघडलं, आणि ऐकते तर काय, माझाच आवाज...

"सर, पंधरा जाती या कपाटात मावायच्या नाहीत. मोठं मागवा."