फॉल्ट नंबर एकवीस

मंजुळा: आणि हा त्यांचा कप, ताई. कान तुटलाय, पण दुसऱ्या कपात चहा घ्यायचे नाहीत.

शीला: घरी स्टीलच्या पेल्यात घ्यायचे. कुठल्याही.

मंजुळा: इथे भोईर सरांच्या कपाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी सोडून.

शीला: हो. तुम्ही सोडून. त्यांची वही कुठंय?

मंजुळा: वही संध्याकाळपर्यंत राहू दे ना. मशीन उद्या जातंय आणि त्यांनी वहीत नोंदवलेला एक फॉल्ट अजून तसाच आहे. एकवीस नंबर. तो मिटला की मी स्वतः आणून देते.

शीला: बाबांना जाऊन महिना झाला. त्यांची वही मी तुमच्याकडे मागायची?

मंजुळा: तसं नाही हो.

शीला: असं काय आहे त्यात?

मंजुळा: हे बघा, हे गावाकडे बसवायचं टेलिफोन एक्सचेंज. एखादं कार्ड, म्हणजे ही सर्किटची पट्टी, बिघडलं तर मशीन चालू ठेवूनच ते ओढून काढायचं, दुसरं लावायचं. बोलणाऱ्याचा फोन कट होता कामा नये. कार्ड गेलं, कार्ड आलं, हे ओळखून सांभाळून घ्यायचं काम कर्नलचं. कर्नल म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्रॅम, बाकी सगळं त्याच्या जिवावर. सरांनी लिहिला. म्हणजे आम्ही दोघांनी.

शीला: आम्हाला ‘मानपाड्याला मशीनचं काम आहे’ एवढंच ठाऊक.

मंजुळा: मी अठ्ठ्याऐंशीत लागले, तेव्हापासून एकेक ओळ समजावली मला. मध्येच मिठागराच्या गोष्टी काढायचे, म्हणून जरा वेळ लागायचा.

शीला: मिठागराचं पण सांगितलं?

मंजुळा: आईच्या मागे अनवाणी जायचे ते? कितीदा तरी! तुम्हाला नाही?

शीला: फॉल्टचं सांगा.

मंजुळा: त्यांनी लिहिलंय, कार्ड काढलं की अख्खं मशीन बंद पडतं. वीसपैकी चौदा वेळा. मी कालपासून तीनशे वेळा काढलं. हे बघा. चालू. पुन्हा काढते. चालू.

शीला: मग?

मंजुळा: साहेब म्हणतात, ‘आढळला नाही’ लिही आणि सही कर. म्हणतात, शेवटी शेवटी भोईरांना भास व्हायचे.

शीला: भास?

मंजुळा: मी भांडले, ताई. पण दाखवू काय?

शीला: तुम्ही तर त्यांना इतकं ओळखत होतात. तुम्हालाच सापडायला हवं.

मंजुळा: मघापासून तुम्ही माझ्या हाताकडे बघताय. काय ते बोला ना.

शीला: तुम्ही सर्रकन ओढता.

मंजुळा: मग कसं ओढायचं?

शीला: एवढी एकच गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली नाही. राहू दे की माझ्याकडे.

मंजुळा: राहू द्या. चार वाजता मी सही करते.

शीला: म्हणजे भास झाला, असं?

मंजुळा: लिहिणार नाही तसं. पण वाचणारा तेच समजणार.

शीला: ...हात दे इकडे. असा ताठ नाही, सैल सोड. त्यांचा उजवा हात कापायचा. वर्षभर. सकाळच्या गोळीचा जोर दुपारपर्यंत उतरायचा. असा.

मंजुळा: एवढा?

शीला: याहून जास्त. धर ते कार्ड. ओढ आता, हळू. मी धरलाय हात.

(मशीनचे हिरवे दिवे एकदम विझतात.)

मंजुळा: पडलं! ताई, बंद पडलं! निघता निघता कार्ड हललं की पिना सुटतात, टेकतात, परत सुटतात. कर्नल पहिली आवराआवर करतोय तोवर ‘कार्ड गेलं’ असा दुसरा निरोप, मग तिसरा. बिचारा अडकणारच. अर्धा सेकंद थांब आणि मग ठरव, एवढंच शिकवायचं त्याला. अहो, गावातला लाइनमन स्टुलावर चढून, वाकडा हात घालून ओढणार. त्याच्या हातून हेच झालं असतं. सर बरोबर होते!

शीला: हो.

मंजुळा: पण मी शेजारी बसायचे. मला कसं दिसलं नाही?

शीला: तुला दिसू नये म्हणूनच तर सगळा खटाटोप.

मंजुळा: म्हणून इथे जेवणं सोडलं? भर दुपारी रिक्षा करून ठाकुर्लीला घरी जायचे. मला वाटलं, माझा कंटाळा आला. इतका राग यायचा तुमचा! म्हटलं, आता लेकीच्या हातचं गरम लागतं.

शीला: आमटी अंगावर सांडायची. सकाळच्या शाळेत शिकवून आले की मी भरवायचे.

मंजुळा: तुम्ही? रोज?

शीला: रोज.

मंजुळा: मग तेव्हा तरी बोलत असतील ना तुमच्याशी?

शीला: घड्याळाकडे बघायचे. म्हणायचे, आटप लवकर, मंजुळा एकटी आहे.