मोहोळाखालचा चहा

दवाखान्याच्या बाकावर डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईंना शेजारच्या मायलेकांचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"आई, फार दुखतंय का गं?"

"काटे काढले डॉक्टरांनी. आता सूज उतरेल तेव्हा उतरेल."

"माशा अशा उठतील असं वाटलं नव्हतं गं."

"वर मोहोळ आहे, खाली स्टोव्ह पेटवू नकोस, असं दोनदा म्हटलं. पण म्हातारीचं ऐकतंय कोण! रानातसुद्धा चहा हवाच होता तुला."

"चुकलंच माझं."

"ते जाऊ दे, चूक कोणाकडूनही होते. पण मी गाडीच्या काचेवर थापा मारत होते रे, आणि तू आतून माझ्याकडे बघत होतास."

"दार उघडलं असतं तर माशा आत आल्या असत्या. आत माझी छकुली होती, आई."

"होती ना. आणि तू मला आतूनच ओरडून सांगितलंस, पळ म्हणून. या गुडघ्यांनी?"

"हळू बोल, शेजारी कोणी बसलंय."

"त्यांचा डोळा लागलाय."

मास्तरीणबाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"आई, ताईला यातलं काही सांगू नकोस. तू चालताना मागे राहिलीस, एवढंच म्हण."

"म्हणेन की. तुझी लाज ती माझीच लाज."

"नक्की ना?"

"नक्की. पण छकुली दार उघडायला धावली, तेव्हा तू तिचा हात धरून ठेवलास. तिला काय सांगायचं, ते तुझं तू बघ."