उजव्या हाताचे दोन सेकंद

आदरणीय अध्यक्ष ओपानिन बोआटेंग, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सेर्वा मॅडम, पालकहो आणि मुलांनो, आपल्या रीतीप्रमाणे उजव्या टोकापासून सुरुवात करून सर्वांना माझा नमस्कार.

मॅडमबद्दल मी भरभरून बोलावं, अशी सूचना आहे. मी यंत्रं बनवते. जे मोजलं, तेवढंच सांगेन.

चार वर्षांपूर्वी मी या शाळेत एक रोबो आणला. तो मंगळवारी चालू झाला, म्हणून मुलांनीच त्याला आपल्याकडे मंगळवारी जन्मलेल्या मुलीला देतात ते नाव दिलं, आबेना. आबेना हात पुढे करते, समोरचं मूल तो धरतं, दोन सेकंदांनी सोडतं. स्वमग्न मुलांना माणसांचे बदलते चेहरे थकवतात. आबेनाचा चेहरा बदलत नाही. कुणाला जवळ येऊ न देणारी आपली अफ्रिये शंभरातून ब्याण्णव वेळा तिचा हात धरू लागली. मॅडम आकडा पाहून एवढंच म्हणाल्या, "बरं." ते 'बरं' मला अजून टोचतं.

मग अफ्रियेच्या घराण्यात अंत्यविधी झाला. वडीलधारे रांगेत बसलेले. ती स्वतःहून पुढे गेली आणि एकेकापुढे हात केला. डावा, म्हणजे आपल्यात वडीलधाऱ्यांचा उघड अपमान. समोरून येणारा उजवा हात आपल्या डावीकडे येतो; तो जवळच्या हाताने धरायची तिला सवय झाली होती. हात कोणता, हे आबेना तपासतच नव्हती. आपल्यात हे कुणाला सांगावं लागतं का? म्हणूनच मी ते प्रोग्रॅममध्ये लिहिलं नव्हतं.

तिच्या आजोबांनी तिची शाळा बंद केली. म्हणाले, "पेटीनं शिकवलं ना? मग पेटीलाच माफी मागायला पाठवा."

मी घरी बसून दुरुस्ती लिहीत होते. मॅडम मात्र त्यांच्या दारात गेल्या. "पेटीला पाय नाहीत, नाना," त्या म्हणाल्या, "म्हणून मी आले."

सहा आठवडे त्या रोज गेल्या. आपलं बुटकं लाकडी स्टूल घेऊन अफ्रियेच्या समोर नाही, शेजारी बसल्या. शेजारच्या माणसाचा उजवा हात आपल्याही उजवीकडेच असतो. इतकं साधं. मला का सुचलं नाही, हा प्रश्न मी मॅडमना कधी विचारला नाही. आता आबेनाही मुलांच्या शेजारीच असते.

आज अफ्रियेने या व्यासपीठावर उजवीकडून सर्वांशी हात मिळवला, आपण पाहिलंत. प्रत्येकाशी दोन सेकंद. माझ्याशीही दोन. ते दोन सेकंद मी लिहिलेले आहेत. मॅडमचा हात तिने अकरा सेकंद धरला. ते कुणीच लिहिलेले नाहीत.

सोमवारपासून तिचा वर्ग माझ्याकडे आहे. मॅडम, एक विनंती. ते स्टूल घरी नेऊ नका.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही डावं-उजवं झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.