पाटलाची म्हैस अन् मामाजींचा मंत्र

खेळ खेळनं सोपं असते गड्याहो, बनवून पाहा एकडाव! मी भोसल्यांच्या काळातल्या मांत्रिकांचा खेळ बनवून राह्यलो होतो. टेबलाभोवती बसायचं, एकेक पात्र घ्यायचं, बोलत बोलत गोष्ट पुढं न्यायची. मंत्र लागू पडला का नाई, ते फासा सांगनार.

खेळून पाहाले समुद्रपूरहून बायकोचे मामा बोलावले. मामाजींनी तरुणपनी खरीच झाडफूक केलती, म्हनून मांत्रिक तेच. शेजारचा गज्या झाला पाटील. पाटलाची म्हैस आटलेली, तिले मंत्रानं दूध आनायचं.

मामाजींनी फासा टाकला. एक पडला.

मी म्हटलं, "मामाजी, मंत्र फसला."

त्यायनं गज्याकडं पाह्यलं. "पाटील, येतानी वाटेत कोनासंग बोलले का?"

"हो, बायकोचा फोन आलता."

"मंग! मंत्र तुटनारच ना."

"चुकलं माहं," गज्या म्हने.

दुसऱ्यांदाही एकच पडला.

"घरी कोनी शिंकलं असन."

"पोराले सर्दी आहे ना, मामाजी!"

तिसऱ्यांदा फसला, तवर गज्यानं पाटलाचे दोन्ही बैल दक्षिणा म्हनून मामाजीले देऊन टाकलते.

मी चिडलो. "एकबी मंत्र लागला नाई, अन् जिंकले तुमीच?"

मामाजी बशीतला चहा फुरकत म्हने, "जवाईबापू, मी तीस वर्सं हेच केलं. माहा एकबी मंत्र कधी लागू पडला नाई. तुमच्या खेळात फासा चांगला आला का मंत्र लागू पडते, तेवढं काढून टाका. बाकी बरोबर आहे."

हे सगळं गज्यानं कान देऊन ऐकलं. मंग हळूच म्हने, "मामाजी, घरची म्हैस खरंच लाथा मारून राह्यली. उद्या येतो. वाटेत कोनासंगच बोलत नाई."