मेन बंद राहिला!

…नाही नाही, फोटो मागू नका! ज्वालामुखीचा फोटो नाही माझ्याकडे. एकही नाही! दहा दिवस परदेशात काढले, साठी उलटल्यावर पाठीवर बारा किलोचं बोचकं वागवत, तरण्याताठ्या पोरांच्या वसतिगृहात वरच्या पलंगावर झोपून, आणि बघितलं काय? मोऱ्या! तुम्हाला सांगतो, परदेशातल्या मोऱ्या या विषयावर मी आता तासभर बोलू शकतो. फिरायला गेलो होतो हो आम्ही!

आम्ही म्हणजे मी आणि माझा दोस्त चावीवाला. आईबापांनी चांगलं बारसं करून नाव ठेवलंय त्याचं, पण चौतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवल्यावर नाव कोणाच्या लक्षात राहतंय? सकाळी पाचपासून लोक त्याच्या नावानं ओरडायचे. "ओ चावीवाले, वरच्या आळीला दोन तास आणि आम्हाला करंगळीएवढी धार?" "चावीवाले, झोप लागली होती काय?" हा आपला शिव्या खायचा, हसायचा, "आलं, आलं!" म्हणत पुढच्या गल्लीला. असा माणूस निवृत्त झाला आणि बसला. खुर्चीत! सहा महिने! हसणं नाही, बोलणं नाही, वाढलं तर जेवायचं. शेवटी वहिनी आमच्या दारात. "भावजी, ह्यांना कुठंतरी लांब घेऊन जा हो. काल मी मुद्दाम म्हटलं, अजून पाणी आलं नाही नळाला, तर म्हणाले, मला काय विचारतेस? मला भीती वाटायला लागलीय." आता वहिनींच्या डोळ्यांत पाणी बघून माझंही काळीज हललं. "काळजी करू नका, माणसात आणून देतो," बोलून बसलो.

आणि खोटं कशाला बोलू, माझाही स्वार्थ होता. मी भूगोलाचा मास्तर. तीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढला. एक त्रिकोण, वर धूर, खाली बाण, लाव्हा! एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही बघितलाय?" मी म्हणालो, "वही काढा." तेव्हापासून मनात होतं. आणि आम्ही गेलो त्या गावासमोर समुद्रात एक बेट आहे, अख्खं बेट म्हणजे जिवंत ज्वालामुखी! आठवड्यातून एकदा बोट जाते, मंगळवारी, सकाळी नऊला. बुधवारी आमचं परतीचं विमान. म्हणजे बघायचा तर त्याच मंगळवारी, नाहीतर पुढच्या जन्मी.

तोवरचे नऊ दिवस काय सांगू… हा कशाकडे बघेल तर शपथ! वाडे दाखवले, बागा दाखवल्या, पूल दाखवले. "बरंय," म्हणायचा. पुलावर उभं राहून "बरंय"! एकदा नुसता बाथरूममध्ये अडकला. तिथले दिवे माणूस हलला तर लागतात, आणि हा पुतळ्यासारखा बसणारा, दिवा गेला! आत अंधार, बाहेर मी ओरडतोय, "हात हलव! अरे, हात हलव!" आणि दात घासणारी पोरंटोरं माझ्याकडे बघतायत. आतून उत्तर काय? "राहू दे, काय फरक पडतो." रात्री वहिनींचा फोन. "हसले का हो भावजी?" "हसेल, हसेल," मी म्हणायचो. फिरायला गेलो होतो हो आम्ही!

मग उजाडला मंगळवार. मी आठलाच तयार, बोचकं पाठीवर, टोपी डोक्यावर. आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नळ ठिबकतोय. टप… टप… चावीवाला चहाचा कप हातात धरून ऐकतोय. मी म्हटलं, "चल." तो म्हणाला, "वायसर गेलाय." नऊ दिवसांत स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य! मी म्हटलं, "जाऊ दे की, परक्याचा नळ!" तोवर गडी तळघरात उतरलासुद्धा. तिथं भिंतीवर तीन चाकं, लाल, गंजलेली. कुठलं कशाचं, देव जाणे. वर लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही. म्हणाला, "तिन्ही बंद करू, नंतर तिन्ही उघडू." केली बंद. नळ खोलला, आणि नवा वायसर कशाचा कापला? माझ्या चपलेच्या टाचेचा! नवी चप्पल हो! मी घड्याळ बघतोय, साडेआठ झालेले, नळ बसवला तसा मी त्याच्या दंडाला धरून ओढत धक्क्यावर नेला. मी ओढला. हे लक्षात ठेवा. मीच ओढला.

धक्क्यावर पोचलो, रांग लागली, बोटीवरचा माणूस "चला, चला" अशा खुणा करतोय, मी फळीवर एक पाय टाकला, समोर, तुम्हाला सांगतो, लांब समुद्रात तो! त्रिकोण! वर धूर! अगदी माझ्या फळ्यावरचा! आणि मागून आवाज आला, "मेन."

"काय मेन?"

"मेन बंद राहिला. तिन्ही."

"उघडेल कोणीतरी!"

"त्यांना कुठं माहितीय कोणी बंद केलंय? चाकं जाम आहेत, मालकीणबाईला फिरायची नाहीत. चौतीस वर्षांत एक गल्ली कोरडी ठेवली नाही मी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू जा. बघून ये. तुझ्यासाठी आलोय ना आपण?"

माझ्यासाठी! म्हणजे हा बापडा नऊ दिवस माझं मन राखत फिरत होता! एक पाय फळीवर, एक धक्क्यावर… काय केलं असतंत तुम्ही? मी तर बोटवाल्याला मराठीत दोन शब्द सुनावले, त्याची काही चूक नसताना, आणि उतरलो. बोट भोंगा वाजवून निघून गेली. फिरायला गेलो होतो हो आम्ही!

पळत आलो तर गल्लीत ही गर्दी! तिसरं चाक शेजारच्या दुकानांचं निघालं. केशकर्तनालयातली बाई दारात, तिच्यामागं डोक्यावर फेसाचा डोंगर घेतलेलं गिऱ्हाईक, एक डोळा मिटलेला. कपडे धुणारा दुकानदार कपाळाला हात लावून. आणि वसतिगृहाची मालकीण कंबरेवर हात ठेवून! चावीवाला थेट तळघरात. एक, दोन, तीन! नळ खळखळले, आणि हा वर आला तसे सगळे तुटून पडले त्याच्यावर. शब्द एक कळत नव्हता, पण शिव्यांना कुठं भाषांतर लागतं? मी मधे पडायला गेलो, तर बघतो काय… हा छाती काढून उभा, हसतोय! हसतोय हो! दोन्ही हात वर करून, शुद्ध मराठीत, "आलं, आलं ताई! आलं पाणी! ओरडता काय, धुवा की डोकं आता!" ती बाई ओरडतेय, हा हसतोय. शेवटी मालकिणीला तो न ठिबकणारा नळ दाखवला, तर तीही हसली, आणि तिनं हाताला धरून त्याला वरच्या मजल्यावरचे सहा नळ दाखवले. सहा! संध्याकाळपर्यंत तेच. मी सिंकखाली बॅटरी धरून.

मधे एकदा गच्चीवर जाऊन आलो. दिसला ज्वालामुखी, एवढासा. धूरसुद्धा नीट दिसेना, कोणाचे तरी कपडे वाळत होते मधे. वाईट वाटलं. वाटणारच ना! खाली आलो तर हा पाना पुसत म्हणाला, "अरे, किती दिवसांनी कोणीतरी पाण्यावरून ओरडलं माझ्यावर." आणि पोटभर जेवला. वहिनींना फोन केला, म्हटलं, हसला. त्या फोनवरच रडल्या.

आता परत आलो तर हा रोज पहाटे आमच्या सोसायटीच्या टाकीवर! कोणी नेमला नाही, कोणी बोलावला नाही, आपणहून व्हॉल्व्ह फिरवतो. वहिनींनी मला बजावलंय, "भावजी, रोज एकदा तरी ओरडा हं त्यांच्यावर, दिवस बरा जातो त्यांचा." आज सकाळी तर मला बादलीभर पाणी मिळालं होतं, वेळेवर, चांगलं गरम, तक्रारीला जागाच नव्हती. तरी टॉवेल गुंडाळून गॅलरीत गेलो, तसाच ओला, थंडीत कुडकुडत, आणि घसा फोडून ओरडलो. काय करता!